टिक्का कॉम्पॅक्ट रायफल आणि ७एमएम-०८ काडतूस : वीस महिने, दोन हंगाम

आधी उंची सांगते, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. ५ फूट १ इंच. हात त्याच मापाचे. विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीला पहिल्यांदा गेले तेव्हा स्वतःची रायफल नव्हती. ज्यांच्या शेतावर आम्ही जातो त्या आजोबांनी त्यांची जुनी थर्टी-ऑट-सिक्स हातात दिली. तिचं काडतूस १९०६ सालचं, अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या हरणं त्यानेच मारली गेली, त्यामुळे त्याला नावं ठेवायची माझी टाप नाही. पण दस्ता माझ्यासाठी लांब होता. मान पुढे ताणल्याशिवाय रायफलीवरच्या दुर्बिणीत पूर्ण चित्र दिसेना, कडेला काळी चंद्रकोर यायची. आणि मान पुढे ताणली की दणका बसल्यावर दुर्बिणीची कड भुवईवर. दोनदा बसली. त्या हंगामात एकही हरण मिळालं नाही, आणि चूक हरणांची नव्हती.

आजोबांनी रेंजवर एक गंमत केली. मला न सांगता काडतुसांमध्ये एक डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस, मिसळून ठेवली. मी श्वास रोखला, चाप ओढला. आवाज नाही, धक्का नाही, पण नळी चांगली दोन बोटं खाली गेली. माझी मलाच दिसली. म्हणजे बार उडायच्या आधीच मी घाबरून अंग आखडत होते, आणि तोवर मी दुर्बिणीच्या स्क्रूंना दोष देत होते.

त्यामुळे स्वतःची घ्यायची वेळ आली तेव्हा ‘हरणाला किती ताकद लागते’ हा प्रश्न बाजूला ठेवला. आमच्याकडे, म्हणजे राज्याच्या नैर्ऋत्येच्या टेकड्यांत, गोळी शंभर-सव्वाशे यार्डांच्या पलीकडे क्वचितच जाते. तेवढ्यात .२४३ चं छोटं काडतूस पण चालतं, त्याहून मोठं .३०८ पण चालतं. प्रश्न होता, मी कुठल्या काडतुसाच्या दीडशे गोळ्या न दचकता झाडेन?

६.५ क्रीडमूर सगळे सुचवत होते. ते काडतूस २००७ पासून आहे आणि दुकानात ढिगाने मिळतं. मी शेवटी ७एमएम-०८ घेतलं. हे रेमिंग्टनने १९८० मध्ये बाजारात आणलेलं, .३०८ चंच पुंगळं (काडतुसाचं पितळी नळकांडं) मानेत आवळून ७ मिलिमीटरच्या गोळीसाठी केलेलं. १४० ग्रेनची गोळी, म्हणजे साधारण ९ ग्रॅम, सेकंदाला २,८०० फुटांच्या आसपास. एवढ्याच वजनाच्या रायफलीतून थर्टी-ऑट-सिक्सचा जो धक्का बसतो, त्याच्या दोन तृतीयांश. खरं सांगायचं तर क्रीडमूर आणि यात हरणाला काही फरक पडत नाही. रेंजवर शेजारच्या बाईने तिची ७एमएम-०८ पाच गोळ्यांसाठी दिली आणि मला ती आवडली, एवढंच कारण.

रायफल टिक्का टी३एक्स कॉम्पॅक्ट, फिनलंडची. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेबारा इंच. नेहमीच्या रायफलींना हे माप साडेतेरा-पावणेचौदा असतं. इंच-सव्वा इंच ऐकायला किरकोळ वाटतो. पण नोव्हेंबरात उणे आठ तापमानात आत स्वेटर, त्यावर जाड कोट, त्यावर नारंगी जॅकेट (कमरेवरचा निम्मा पेहराव नारंगी किंवा भडक गुलाबी लागतो, मी नारंगीच घालते) असा गाठोड्यासारखा अवतार झाला की खांदाच इंचभर पुढे येतो. म्हणून बायकांनो आणि बुटक्या पुरुषांनो, रायफल दुकानात टी-शर्टवर खांद्याला लावून बघू नका. थंडीचा कोट घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू दे. डोळे मिटून खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. पूर्ण गोल दिसला तर ती तुमची.

बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा दांडा, लोण्यासारखा चालतो. चाप न अडखळता स्वच्छ सुटतो. नळी वीस इंचाची, त्यामुळे गोळीचा वेग थोडा घटतो आणि आवाज कानठळ्या बसवणारा. कानावर मफ हवेतच, शिकारीतसुद्धा. एक लक्षात ठेवायचं: सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावली की बोल्टही अडकतो. आत काडतूस असेल तर ते काढायला सेफ्टी उघडावीच लागते. तेव्हा नळी कुठे आहे आणि बोट कुठे आहे, याची सवय घरी रिकाम्या रायफलीवर करून घ्या.

दुर्बिणीत मात्र मी पैसे वाचवले आणि फसले. ब्रँड लिहीत नाही. या रायफलीच्या पहिल्या वर्षी हंगामाच्या दुसऱ्या सकाळी आतल्या काचेवर बाष्प धरलं. बाहेरून पुसून उपयोग नाही, आत धुकं. साठ यार्डांवर आठ टोकांच्या शिंगांचा नर उभा, आणि मला पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळसारखं दिसतंय. बार काढला नाही. दुर्बीण वॉरंटीत बदलून मिळाली, नर नाही मिळाला.

तरी त्याच हंगामात एक मादी मिळाली, पुढच्या वर्षी दोन. पहिलीला साधी शिशाच्या गाभ्याची १४० ग्रेनची गोळी. पुढच्या पायामागे, दोन्ही फुप्फुसांतून, साठेक पावलं पळून पडली. पण साफ करताना जखमेपासून चांगलं वीतभर लांब शिशाची कणी सापडली, तांदळाच्या कण्यांएवढी. घरात सात वर्षांची मुलगी आहे. पुढच्या वर्षी बार्न्स कंपनीची १२० ग्रेनची तांब्याची गोळी घेतली. ती फुलते, फुटत नाही. एक मादी जागेवर, दुसरी ऐंशी पावलं. मांस फारसं नासलं नाही. नेम पुन्हा बसवावा लागला, कारण दोन प्रकारच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागत नाहीत. शंभर यार्डांवर बसवला आहे, दीडशेला जेमतेम इंचभर खाली जाते.

आता तक्रार. काडतुसं. ऑक्टोबरात दुकानात .३०८ ची भिंत भरलेली आणि ७एमएम-०८ चे दोन डबे, तेही नको त्या गोळीचे. म्हणून जुलैत घ्या, एकाच लॉटचे चार डबे. आणि तुमच्या कॅम्पमध्ये कोणाकडे .३०८ असेल तर दोन्ही डबे एका पिशवीत कधीच नकोत. पुंगळं एकाच घराण्यातलं, अंधारात बोटाला फरक कळत नाही.

दर वेळी कोणीतरी विचारतंच, म्हणून कागदपत्रांबद्दल: मी ग्रीन कार्ड आल्यावर घेतली. एच-१बी सारख्या व्हिसावर सर्वसाधारणपणे बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो कंटाळत करू नका, मी तिथे जास्त शिकले. माझ्या आजोळी, कुडाळकडे, डुकरांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. तिला हात लावायची आम्हा मुलींना बंदी होती. आईला मी हरणाचा फोटो पाठवला तर तिने आधी विचारलं, ‘पोलीस पकडणार नाहीत ना गो?’ तिच्या डोक्यात १९७२ चा वन्यजीव कायदा. बरोबरच आहे, तिथे हेच केलं तर आत जावं लागेल.

मांस लगेच शिजवत नाही. इथल्या हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे, राज्यात पहिल्यांदा २००२ मध्ये माउंट होरेबजवळच्या हरणांत सापडला. डीएनआर (राज्याचं निसर्गसंपदा खातं) फुकट तपासून देतं, डोकं पेटीत टाकून यायचं आणि निकालाची वाट बघायची. तोवर सगळं फ्रीझरमध्ये. रोग नाही असा निकाल आला की चरबी पूर्ण काढायची, नाहीतर ती टाळ्याला मेणासारखी चिकटते. मग मालवणी मसाला, वाटप (म्हणजे वाटण), आणि कुकरला मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त. नवरा शाकाहारी आहे, तो वाटप करून देतो.