गळलेलं पीस की रक्ताचा थेंब?

खानापूरची माझी भाची एम.एस्सी.च्या प्रकल्पात अडलीय: वेंगुर्ल्याच्या खडकांवरचे सुरय (टर्न) पक्षी आणि लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावरचे जनुकांनी वेगळे आहेत का, हे कशावरून पाहायचं?

पीस वेचायला पक्ष्याला त्रास नाही. पण डीएनए जेमतेम, देठातल्या वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यात. उन्हापावसात तोही खराब होतो. बहुधा मायटोकाँड्रियाचाच, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचाच, डीएनए हाती लागतो, आणि तो फक्त आईकडून येतो. नर बेटं बदलत असतील तर त्यावरून कळणार नाही.

रक्तासाठी पक्षी धरावा लागतो, शिकलेला हात लागतो. मात्र पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक, म्हणजे डीएनएचा मुख्य साठा, असतं, आपल्या नसतं. म्हणून एका थेंबात आईबाप दोघांचा वारसा भरपूर मिळतो.

वनखात्याची परवानगी दोन्हींना काढ.

ढोबळ फरकच बघायचा असेल तर पीस पुरे. वसाहतींमधली ये-जा शोधायची असेल तर, बाळ, रक्तच घे.