इको की एमआरआय: पंपिंग ३५ टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हा

माझ्या वडिलांना आयसीडी (हृदयाचा ताल घातक बिघडल्यास विजेचा झटका देऊन तो सावरणारे, शरीरात बसवायचे यंत्र) बसवावा की नाही, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्यापुढे होता. रक्तवाहिन्यांत अडथळा नसतानाही हृदय फुगले होते, तीन महिने पूर्ण मात्रेत औषधे घेऊन झाली होती आणि प्राणघातक तालबिघाडाचा धोका आता कशावरून जोखायचा, एवढेच ठरवायचे उरले होते. असाच निर्णय ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी आमचा अनुभव मांडतो. अंतिम शब्द अर्थातच हृदयरोगतज्ज्ञांचा.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तो सहज होतो, अगदी खाटेशेजारीही होतो. शिवाय आयसीडीमुळे मृत्यूचा धोका २३ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली एससीडी-हेफ्ट या चाचणीत दिसले, तेही ३५ टक्के किंवा त्याहून कमी पंपिंग (डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते तो आकडा) असलेल्या रुग्णांमध्येच.

मात्र त्या ३५ च्या आकड्यानेच आम्हाला जेरीस आणले. आठ दिवसांच्या अंतराने दोन ठिकाणी इको केला. एकात ३३ आले, दुसऱ्यात ३८. औषधे तीच, वजन तेच, पायांवरची सूजही तेवढीच. पहिल्या अहवालाप्रमाणे यंत्र बसवायचे, दुसऱ्याप्रमाणे नाही. पुढे कळले की हृदयाच्या आतल्या कडेची रेघ बहुधा हातानेच आखतात आणि कड पुसट असली की एवढा फरक पडू शकतो. त्यात कोणाचा दोष नव्हता. तरीही आईने दोन्ही कागद शेजारी ठेवून ‘यातला खरा कोणता?’ असे विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते.

गॅडोलिनियम (प्रतिमा ठळक करणारे, शिरेतून द्यायचे द्रव्य) देऊन केलेल्या एमआरआयमध्ये हृदयाच्या स्नायूतला व्रण दिसतो. विजेची लाट अशा व्रणाभोवती गोल फिरू लागली की व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी धोकादायक जलद धडधड, सुरू होऊ शकते, म्हणून ही तपासणी मला दुखण्याच्या मुळाशी जाणारी वाटली. फुगलेल्या हृदयाच्या ४७२ रुग्णांवरील २०१३ च्या लंडनमधील अभ्यासात, स्नायूच्या मधल्या थरात व्रण असलेल्यांना पंपिंगचा आकडा जमेस धरूनही धोका अधिक आढळला. उलट, अडथळ्यांशिवाय हृदय कमकुवत झालेल्यांत केवळ पंपिंग पाहून आयसीडी बसवल्याने एकूण मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, असे २०१६ च्या डॅनिश चाचणीने सांगितले.

एमआरआयला अडचणी आहेत. बराच वेळ उताणे पडून पुन्हापुन्हा श्वास रोखावा लागतो. वडिलांना त्यासाठी आधी लघवीच्या गोळ्या वाढवाव्या लागल्या. मूत्रपिंडाची तपासणीही आवश्यक असते. व्रण दिसला नाही म्हणजे धोका संपला, असेही नव्हे. ज्यांना हार्ट अटॅक येऊन बरेच महिने झाले आहेत आणि औषधांनंतरही पंपिंग स्पष्टपणे ३० च्या खाली आहे, त्यांनी एमआरआयसाठी थांबावे, असे मला वाटत नाही. मात्र अडथळे नसतील आणि आकडा ३५ च्या अलीकडे-पलीकडे हलत असेल, तर माझा कल एमआरआयकडेच आहे.

वडिलांच्या एमआरआयमध्ये व्रण दिसला आणि आयसीडी बसवला गेला. ही तपासणी करायचीच असेल तर यंत्र बसण्याआधी उरकावी, कारण नंतर त्यातील धातूमुळे डाव्या बाजूची प्रतिमा बिघडू शकते.