जादा फोकस लावताना: थेट जोड, तयार हार्नेस की स्वतंत्र वायरिंग?

घाटातून रात्रीची ये-जा असली की गाडीला जादा दिवे लावावेसे वाटतातच. जुलैत आंबोली चढताना, किंवा ताम्हिणीत कडेचा पांढरा पट्टा पुसला गेलेल्या वळणावर, कंपनीचा हेडलाइट तोकडा पडतो. मग पुणेकर नाना पेठेत चक्कर मारतो. दुकानदार झोत समोरच्या शटरवर मारून दाखवतो आणि सगळी चर्चा दिव्याभोवती फिरते: किती वॅट, पांढरा की पिवळा, गोल की पट्टी. वायरिंगचा विषय एका वाक्यात संपतो. "आमचा पोरगा बसवून देईल, अर्धा तास लागेल."

तो पोरगा करंट कुठून घेणार, हे विचारून मगच पैसे द्या. मार्ग तीन आहेत: हेडलाइटच्या वायरीतून थेट जोड, रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्याने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असलेला तयार हार्नेस म्हणजे जोडणीला सज्ज वायरींचा संच, आणि गाडीच्या मापाने नव्याने ओढलेलं वायरिंग. पहिल्या रात्री तिन्ही सारखेच पेटतात. म्हणून मी निवड करतो ती दिवे बंद पडतील तेव्हाचा विचार करून. बंद पडताना सोबत आणखी काय घेऊन जातात? आणि रात्री दहा वाजता रस्त्याकडेला दोष सापडेल का?

आधी कायद्याचं सांगतो, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १११ नुसार गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच तो लावता येतो. कंपनीने दिलेले फॉग लॅम्प ही वेगळी गोष्ट. शिवाय गाडी वॉरंटीत असताना कंपनीची वायर कापली, तर इलेक्ट्रिकल दावा नाकारायला सर्व्हिस सेंटरला आयतं कारण मिळतं.

थेट जोड

हेडलाइटच्या वायरीवर चिमट्यासारखा कनेक्टर दाबायचा, त्यातून दोन्ही फोकसना प्लस द्यायचा, मायनस जवळच्या बोल्टला. दहा मिनिटांचं काम, खर्च नगण्य.

आता हिशेब. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला साधारण ९ अँपिअर. त्या बाजूचा हेडलाइट स्वतः साडेचार घेतो. एकूण साडेतेरा. बऱ्याच गाड्यांत एका बाजूच्या हेडलाइटला १० अँपिअरचा लाल फ्यूज असतो, तो उडतो. मग कोणीतरी तिथे २० अँपिअरचा पिवळा फ्यूज खोचतो आणि "झालं काम" म्हणतो. खरं तर आता फ्यूजऐवजी वायरच वितळायला मोकळी झाली. पहिला बळी बहुधा हेडलाइटचा कपलर (प्लगसारखा जोड) किंवा अप्पर-डिपरचा स्विच.

फ्यूज टिकला तरी फायदा शंकास्पदच. बारीक वायरीतून दुप्पट-तिप्पट करंट गेला की व्होल्टेज पडतं, आणि हॅलोजन त्याबाबत फार नाजूक असतो: व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. म्हणजे जादा दिवे लावून मूळ हेडलाइट मंद केला. नव्या गाड्यांत दिव्यांचा ताबा संगणकाकडे असतो; तिथे अशी जोड दिली की डॅशबोर्डवर बल्ब खराब असल्याची सूचना झळकते, कधी ती लाइनच बंद होते.

सगळ्यात वाईट म्हणजे हा प्रकार बिघडताना हेडलाइटलाही सोबत घेऊन जातो. घाटात, पावसात. माझ्या दृष्टीने तुलना इथेच संपते, पण स्वस्तात होतं म्हणून सर्रास हेच करतात.

तयार हार्नेस

पाकिटात एक रिले, फ्यूज होल्डर, स्विच आणि दोन दिव्यांचे कपलर. रिलेच्या बुडाशी ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे दिसतात; ते जर्मन डीआयएन ७२५५२ मानकातले आहेत आणि जगभर तेच चालतात. ३० ला बॅटरीचा प्लस, ८७ मधून दिव्यांना, ८५ आणि ८६ ही कॉइलची, म्हणजे रिलेचा आतला स्विच ओढणाऱ्या वेटोळ्याची टोकं. कॉइल जेमतेम दीड-दोनशे मिलिअँपिअर ओढते, त्यामुळे हेडलाइटच्या वायरीला तिचा भार जाणवतही नाही. रिलेत डायोड असेल तर ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हा क्रम पाळावा लागतो. उलटं जोडलं की डायोड तरी जातो नाहीतर फ्यूज तरी.

कल्पना उत्तम, माल मात्र तपासून घ्यावा. पाकिटावरचा '४० अँपिअर' हा आकडा रिलेचा. वायर तेवढी असेलच असं नाही. एक टोक सोलून बघा. बाहेरून जाडजूड दिसणाऱ्या वायरीत कधी मोजक्याच तारा निघतात. एक तार पात्याने खरवडा: वर तांब्याचा रंग आणि आत पांढरट चमक असेल, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. दमट हवेत ते लवकर सडतं, कोकणात तर विचारूच नका. जाडीचा फरक किती पडतो ते बघा. ०.५ चौरस मिलिमीटरच्या ४ मीटर तांब्याच्या वायरीतून ९ अँपिअर नेले तर सव्वा व्होल्टच्या वर वाटेत जातात; २.५ ची वायर घेतली तर पाव व्होल्टच्या आसपास.

दुसरी खोट फ्यूजची. होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कोणतंही संरक्षण नसतं. तो पत्र्यावर घासला की थेट आग. आणि येतो बहुधा ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज. दोन ५५ वॅटच्या हॅलोजनला १५ चा निळा पुरतो, लहान एलईडी जोडीला ५ किंवा साडेसातचा.

तिसरी खोट मायनसची, आणि माझ्या मते तक्रारींचं सर्वात मोठं कारण हेच. हार्नेसचा काळा वायर रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने आवळून देतात. रंगातून करंट जात नाही; स्क्रूच्या आट्यांतून जेवढा जाईल तेवढ्यावर दिवा पेटतो आणि पहिल्या पावसात गंज धरतो. एकतर पत्रा उघडा होईपर्यंत खरवडून वर ग्रीस लावा, नाहीतर सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत वायर न्या.

एवढ्या दुरुस्त्या करून घेतल्या तर एलईडी लावणाऱ्या बहुतेकांना तयार हार्नेस पुरेसा आहे. तो बिघडला तर फक्त फोकस बंद पडतात, हेडलाइट शाबूत राहतो. शोधही सोपा: फ्यूज, रिलेचा टिक आवाज, मायनस, या क्रमाने जायचं.

स्वतंत्र वायरिंग

पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटं सामान आणून, किंवा चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून. गाड्यांसाठीच बनवलेली वायर घ्यायची. घरातली वायर इंजिनच्या तापात आणि तेलात टिकायला बनवलेली नसते. जोड सोल्डर करावेत की थिंबल (वायरीच्या टोकावर बसवायची धातूची नळी) दाबून, यावर मिस्त्री लोकांत वाद आहेत. मी थिंबलच्या बाजूचा. सोल्डर तारांमध्ये शोषलं जातं, जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. दाबलेल्या थिंबलवर गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवली की पाणी आत शिरत नाही. नुसती इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात सुटते आणि मागे चिकटा उरतो.

खर्च आणि वेळ हार्नेसपेक्षा बराच जास्त. चार दिवे, टपावरची पट्टी, मोठे हॅलोजन किंवा किनारपट्टीवर राहणारी गाडी असेल तर तो वसूल होतो. खोट एकच: नकाशा फक्त बनवणाऱ्याच्या डोक्यात असतो. सगळ्या वायरी लाल ओढल्या असतील तर दुसरा इलेक्ट्रिशियन हात लावायला तयार होत नाही. प्रत्येक लाइनला वेगळा रंग मागा आणि टेप गुंडाळण्याआधी फोटो काढून ठेवा.

रिलेला इशारा कुठून

लांब झोताचा स्पॉट असेल तर कॉइलचा प्लस अप्परच्या वायरीतून घ्यावा: समोरून गाडी आली, डिपर मारला की फोकसही आपोआप बंद. फॉग लॅम्पचं उलटं. धुक्यात अप्पर लावलं की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून त्यांचा इशारा पार्किंग किंवा डिपरवरून घ्या. दोन्हींत मधे स्वतंत्र स्विच हवाच. थेट बॅटरीवरून इशारा घेतला तर विसरण्याची सोय होते. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी ९ अँपिअरच्या भाराने तीन-चार तासांत रिकामी.

काही गाड्यांत हेडलाइटला प्लस कायम असतो आणि स्विच मायनस बाजूला असतो. तिथे नेहमीसारखी जोड दिली की फोकस भलत्याच वेळी पेटतात किंवा विझतच नाहीत. वायरीला हात लावण्याआधी दिवा चालू आणि बंद करून दोन्ही वेळा व्होल्टेज मोजा.

हॅलोजन की एलईडी, वायरिंगपुरतं बोलायचं तर: एलईडी कमी करंट घेतो, त्यामुळे चुकीचं वायरिंगही तो बराच काळ झाकून ठेवतो. आतल्या ड्रायव्हरमुळे (करंट स्थिर ठेवणाऱ्या सर्किटमुळे) व्होल्टेज घसरलं तरी उजेड तसाच दिसतो आणि मग एक दिवस लुकलुकायला लागतो. हॅलोजन मंद होऊन आधीच सांगतो. एफएमवर खरखर सुरू झाली तर तीही एलईडीच्या ड्रायव्हरची असू शकते.

बिघाड शोधायला: टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर

गल्लीतला इलेक्ट्रिशियन होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब, म्हणजेच टेस्ट लॅम्प, घेऊन येतो आणि इंजिनिअर पोरं मल्टिमीटर. चेष्टा दोघांचीही होते, पण कामं वेगळी आहेत.

मल्टिमीटर फसवतो तो इथे: वायरीच्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो बिनभाराचे १२.६ व्होल्ट दाखवतो. बल्ब लावला की तीच वायर उघडी पडते, कारण बल्ब करंट ओढतो. 'मीटर बारा दाखवतो पण दिवा पेटत नाही' या तक्रारीला टेस्ट लॅम्प हेच उत्तर. मात्र संगणकाला जाणाऱ्या वायरींवर तो लावू नका, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर कशानेही हात लावू नका.

दिवा पेटतो पण मंद आहे, तर मल्टिमीटरला पर्याय नाही. दिवे चालू ठेवा, लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं दिव्याच्या प्लसवर. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर ती बाजू ठीक. मग दिव्याचा मायनस ते बॅटरीचा मायनस, इथे ०.२ च्या वर गेला तर पत्रा खरवडायला घ्या. अंदाजाने रिले बदलत बसण्यापेक्षा ही दोन मापं लवकर होतात.

फ्यूज वारंवार उडत असेल तर नवे फ्यूज जाळू नका. दिव्यांचे कपलर काढा, फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा आणि स्विच चालू करा. बल्ब पेटला म्हणजे वायर कुठेतरी पत्र्याला लागली आहे. आता हार्नेस हातभर-हातभर हलवत जा. जिथे बल्ब विझतो तिथे दोष. पावसाळ्यात ती जागा बऱ्याचदा उंदराने कुरतडलेली निघते.

आणि इंडिकेटर दिला की फोकस हलकेच उजळत असेल, तर मायनस सुटलाय. करंट दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट शोधतोय.

बाइकवाल्यांसाठी

इथे वायरिंगच्याही आधी चार्जिंग बघा. लहान बाइकची बॅटरी जेमतेम ४-५ अँपिअर-अवरची, त्यामुळे हॅलोजनचा विषयच सोडा. मोजून ४० वॅटच्या आत बसणारी एलईडी जोडी घ्या. पाकिटावरचे '१०० वॅट' मोजमापात टिकत नाहीत. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून खरा करंट बघा, आणि काम झालं की लाल टोक परत व्होल्टच्या खाचेत घाला, नाहीतर पुढच्या मोजणीला मीटरच शॉर्ट करेल. जुन्या बाइकमध्ये हेडलाइट मॅग्नेटोच्या (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राच्या) एसी करंटवर चालतो. तिथून फोकसला वायर घेतली की आयडलवर तो फडफडतो, म्हणून बॅटरीवरून रिलेमार्फतच घ्या. सगळं जोडून झाल्यावर रोजच्या वेगाइतकी रेस धरा, दिवे चालू ठेवा आणि बॅटरीवर मीटर लावा. १३ व्होल्टच्या खाली घसरत असेल तर एक दिवा काढून परत करा.