उतरायचं कुठे, हे ड्रोनमध्ये कोण ठरवणार: मॉडेल की मॉनिटर?

संपर्क तुटला, बॅटरी उतरतेय, रिमोट पायलट काही करू शकत नाही. अशा वेळी ड्रोन स्वतःच निर्णय घेणार असेल, तर तो सुरक्षित आहे हे सर्टिफिकेशनला, म्हणजे उड्डाणासाठी मान्यता देणाऱ्यांना, पटवायचं कसं? बडोद्यात सर्व्हेचं ड्रोन बनवताना आम्ही दोन्ही वाटा चालून पाहिल्या.

आधी माझाही कल मॉडेलकडेच होता, म्हणजे फोटो दाखवून उतरायची जागा ओळखायला शिकवलेल्या प्रोग्रामकडे. बडोद्याजवळच्या पाद्रा गावाकडच्या शेतांवर त्यानं निवडलेली जागा बहुतेक वेळा मीही निवडली असती. मग उत्तरायण आलं. गच्च्यांवर माणसं, आभाळभर पतंग. मॉडेलला हे सगळं नवं. नवे फोटो देऊन ते पुन्हा शिकवलं. गच्च्या जमल्या, पण आधी बरोबर येणारी काही शेतं चुकू लागली. आणि जुन्या चाचण्यांचा पुरावा सगळा बाद! विमानातल्या सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८सी या मानकाप्रमाणे प्रत्येक आवश्यकता कोडपर्यंत आणि चाचणीपर्यंत जोडून दाखवावी लागते. मॉडेलच्या लाखो आकड्यांत ती जोडणी दाखवायची कुठे? वर्षात तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. माझं मन तिथंच फिरलं.

दुसरी वाट रनटाइम अॅश्युरन्सची, म्हणजे उडतानाच मॉडेलवर पहारा ठेवण्याची. एएसटीएम एफ३२६९ हे मानक त्यासाठीच आहे. मॉडेलला सुचवू द्यायचं, पण शेजारी एक छोटा, साधा मॉनिटर बसवायचा. मर्यादा ओलांडली जाईल असं दिसताच तो ताबा घेतो आणि आधी तपासून ठेवलेली कृती करतो. पुराव्याचा मुख्य भार या छोट्या भागावर येतो. एफ-१६ या लढाऊ विमानावरची टक्कर टाळणारी यंत्रणा, ऑटो-जीकॅस, २०१४ पासून याच धर्तीवर चालतं: विमान जमिनीवर आदळणार असं दिसलं, तरच ते पंख सरळ करून नाक वर ओढतं आणि ताबा परत देतं.

मॉनिटरचाही त्रास आहे. आमचा सुरुवातीला जरा वारा सुटला की परत फिरायचा, सर्व्हे अर्धवट. शिवाय खाली माणूस आहे का, हे त्याला कळत नाही. म्हणून उतरायच्या जागा आम्ही उड्डाणाआधीच पाहून ठरवतो. तो तिथंच जातो.

गर्दीच्या शहरावर उडायचं असेल तर एवढं पुरणार नाही, हे मान्य. पण युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेचं, ईएएसएचं, २०२४ चं मार्गदर्शनही माणसाला मदत करणाऱ्या किंवा त्याच्या जोडीनं काम करणाऱ्या मॉडेलपर्यंतच जातं. शेतं, कालवे, वीजवाहिन्या असं काम असेल, तर मी मॉनिटरपासूनच सुरुवात करीन. आमचं मॉडेल त्यानंतर चारदा बदललं. मॉनिटरच्या पुराव्याची फाइल अजून तीच आहे.