स्पार्क प्लगचे आटे गेले: हेलिकॉइल की बुश?

जुन्या मोटरसायकलच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये (सिलिंडरच्या झाकणात) १४ मिमी प्लगचे (पिच, म्हणजे दोन आट्यांतले अंतर, १.२५ मिमी) आटे बहुधा दोन कारणांनी जातात: गरम इंजिनावर प्लग काढणे किंवा तिरका लावून पान्याने रेटणे.

हेलिकॉइल म्हणजे भोकात बसून प्लगला नवे आटे देणारे स्टीलच्या तारेचे वेटोळे. भोक थोडेच मोठे करावे लागते, म्हणून व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) जवळ असलेल्या पातळ हेडला हाच पर्याय सुरक्षित. वेटोळे पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली बसवायचे आणि ते फिरवून बसवण्यासाठी असलेला खालचा दांडा तोडून बाहेर काढायचा. तो सिलिंडरात पडला तर पिस्टनची वाट लागते. खोड एकच, पण त्रासदायक: प्लग काढताना कधीकधी वेटोळेही सोबत येते.

बुश म्हणजे आतबाहेर आटे असलेली जाड धातूची नळी. कॉलर (वरची रुंद कड) असलेले भरीव बुश तसे निघत नाही आणि कॉम्प्रेशनची गळतीही चांगली रोखते. मात्र भोक जास्त मोठे लागते आणि कॉलरसाठी खाचही. ड्रिल जरा कलले की प्लग कायमचा वाकडा. हातड्रिल नकोच, हेड उतरवून ड्रिल प्रेसवर घ्या. भिंत पुरेशी जाड असेल तर आमची पसंती बुशलाच.

नवा वॉशरवाला प्लग थंड इंजिनात हाताने टेकवून पान्याने साधारण अर्धा फेरा, बस्स.