पाच मासे की सगळेच?

अमेरिकेतल्या बासमास्टर या गळानं मासे धरायच्या स्पर्धेत दिवसभर कितीही बास (गोड्या पाण्यातला मासा) लागू देत, वजन धरतात ते मोठ्या ५ माशांचंच. मासे होडीतल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायचे. मेला की वजनात कपात. शेवटी स्टेजवर काटा होईपर्यंत कोण जिंकलं ते पक्कं ठरत नाही. खरी मजा तिथंच! २०१९ मध्ये सुरू झालेल्या बास प्रो टूर या तिथल्याच दुसऱ्या स्पर्धेनं पाचाची अट सोडून सगळेच मासे धरले आणि पंचच होडीत बसवला. मासा काढा, वजन करा, लगेच सोडा. हातातून निसटून होडीत आपटला, तर २ मिनिटं गळ बंद.

कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या काठावर, परवानगी काढून, मित्रामित्रांत स्पर्धा लावायची तर माझं मत दुसऱ्या पद्धतीला. काठावर टाकी कुठली आणायची? रोहू असो की मरळ, तिथंच मोजून सोडलेला बरा. पंच व्हायला मात्र कुणी तयार होत नाही. जो होईल, त्याची मिसळ आपल्याकडून.