ग्राउंड क्लास कुठे लावायचा: द्वारका, घरबसल्या की थेट फ्लाइंग स्कूलमध्ये?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी मला दोन-चार फोन येतात. आधी मुलगा किंवा मुलगी बोलते, मग मागून वडील फोन घेतात. प्रश्न तोच असतो. पायलट व्हायचं ठरलंय, पण लेखी पेपरांची तयारी, म्हणजे ग्राउंड क्लास, कुठे करायची? दिल्लीला द्वारकेत पाठवायचं, घरी बसून ऑनलाइन करायचं, की फ्लाइंग स्कूलमध्येच एकदम प्रवेश घ्यायचा?

उत्तराआधी एक गोष्ट. मेडिकल झाल्याशिवाय कुठल्याही क्लासला एक रुपया देऊ नका. आधी क्लास टूची प्राथमिक तपासणी, मग क्लास वनची कडक. डोळ्यांत किंवा हृदयात काही निघालं, तर ते फी भरण्याआधी कळलेलं बरं.

आता पेपर. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे) पेपर असतात. शिवाय रेडिओवर बोलण्यासाठीचं आरटीआर वेगळं. प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात आणि पास व्हायला ७० टक्के लागतात. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स असेल तर कम्प्युटर नंबर (डीजीसीएकडचा परीक्षार्थी नोंदणी क्रमांक) काढून थेट परीक्षेला बसता येतं, क्लासच्या हजेरीचा दाखला कुणी मागत नाही. त्यामुळे 'अमुक क्लास केला नाही तर बसताच येणार नाही' असं कुणी फोनवर सांगितलं, तर फोन ठेवा. जाहिरातीत 'डीजीसीए अप्रूव्ह्ड' असेल तर ते नेमकं कशाला लागू आहे तेही विचारा. डीजीसीएची मान्यता विमान उडवायला शिकवणाऱ्या संस्थेला असते. गल्लीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गाला तीच मान्यता आहे असं धरून चालू नका.

द्वारका म्हणजे या धंद्यातलं कोटा. दिल्ली विमानतळाच्या बाजूला ग्राउंड स्कूलांची रांग, तितक्याच पीजी आणि राजमा-चावलच्या खानावळी. फायदा असा की आजूबाजूला सगळे तेच करत असतात. रात्री अकराला शेजारच्या खोलीतला मुलगा दार वाजवून क्रिटिकल पॉइंटचा (जिथून पुढे जायला आणि मागे फिरायला सारखाच वेळ लागतो त्या जागेचा) फॉर्म्युला विचारतो, आणि त्याला समजावताना आपल्यालाही तो पक्का होतो. तोटा खर्चाचा. क्लासची फी एक, आणि राहणं, जेवण, येणं-जाणं धरून तितकाच दुसरा भार. एखादा पेपर राहिला की मुक्काम वाढतो, पीजीचं भाडं चालूच. साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या, मराठी माध्यमातल्या मुलाला पहिले पंधरा दिवस सरांची हिंदी-इंग्रजी सरमिसळ कानाला बसवण्यातच जातात. पुण्या-मुंबईतही वर्ग आहेत. मुंबईजवळ राहणाऱ्याने दिल्ली गाठण्याआधी तिथे डेमो घ्यावा. परीक्षेचं केंद्र तर मुंबईतही मिळतं.

तरी समोरासमोरच्या वर्गाबद्दल माझं मत चांगलं आहे ते एका पेपरमुळे. नेव्हिगेशन.

माझीच गोष्ट सांगतो. फ्लाइट कॉम्प्युटर म्हणजे नाव मोठं, वस्तू साधी: हाताने फिरवायची गोल तबकडी, बॅटरी-बिटरी काही नाही. वाऱ्याचं गणित सोडवत होतो. उत्तर चारही पर्यायांत नव्हतं, म्हणून जवळचा पर्याय ठोकून पुढे निघालो होतो. सर बाकांमधून फिरत आले, माझ्या तबकडीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "वारा कुठून येतोय?" म्हटलं, "दोनशे सत्तर." "मग ठिपका वारा जातोय त्या बाजूचा का टाकलास?" दोन आठवडे मी प्रत्येक वारा उलटा मांडत होतो. हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, वाऱ्याच्या दिशेला वळवायच्या ऐवजी वाऱ्यापासून लांब नेत होतो. घरी व्हिडिओ बघत बसलो असतो तर ते बोट तिथे आलं नसतं.

दुसरी नेहमीची चूक बघा. मार्ग ९० मैलांचा आहे. ३० मैल गेल्यावर लक्षात आलं की आपण रेषेच्या २ मैल डावीकडे आहोत. साठाला एकच्या नियमाने (६० मैलांत १ मैल सरकलो तर चूक १ अंश) चूक ४ अंश. बहुतेक मुलं ४ अंश उजवीकडे वळतात आणि खूश होतात. पण तेवढ्याने विमान फक्त रेषेला समांतर होतं. उरलेल्या ६० मैलांत ते २ मैल भरून काढायला आणखी २ अंश हवेत, म्हणजे एकूण ६. पर्यायांत चारही असतो, सहाही असतो. वर्गात कुणीतरी चार म्हणतं, सगळे हसतात आणि ते कायमचं लक्षात राहतं. आणखी एक खास आपल्याकडची अडचण म्हणजे मॅग्नेटिक व्हेरिएशन, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक. भारतात ते शून्याच्या आसपास असल्याने मुलं ते धरतच नाहीत, आणि पेपरात नेमका १५ अंश व्हेरिएशन असलेला परदेशातला मार्ग येतो.

आता ऑनलाइन. कोविडनंतर हे वर्ग फोफावले, आणि सरसकट वाईट नाहीत. मिटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्ससाठी मला ते वर्गापेक्षा सोयीचे वाटतात. रेग्युलेशन्स म्हणजे वाचन आणि पाठांतर, त्यासाठी दिल्लीला खोली घेण्यात अर्थ नाही. मिटिऑरॉलॉजीत व्हिडिओ थांबवून मागे नेता येतो, आणि इंग्रजीत अडणाऱ्या मुलासाठी हा फार मोठा आधार आहे. शिवाय हवामान खिडकीबाहेर फुकट शिकायला मिळतं. जुलैमध्ये नाशिकला बसून मुंबईचा मेटार (विमानतळाचा सांकेतिक भाषेतला हवामान अहवाल) रोज उघडायचा, वारा, दृश्यमानता आणि ढगांचा तळ वाचायचा, मग बातम्यांतल्या पावसाशी ताडून बघायचं. महिन्याभरात मेटार वर्तमानपत्रासारखा वाचता येतो. अल्टिमीटरचंही, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्राचंही, तसंच. पुणे विमानतळ समुद्रसपाटीपासून १९०० फुटांहून थोडा वर आहे. क्यूएनएच (समुद्रसपाटीचा धरलेला दाब) लावलं तर धावपट्टीवर उभ्या विमानात काटा तेवढं दाखवतो, क्यूएफई (त्या विमानतळावरचाच दाब) लावलं तर शून्य. हे एकदा डोळ्यासमोर आलं की पाठ करावं लागत नाही.

ऑनलाइनची खरी अडचण शिस्तीची. घरात लग्न निघालं की दोन तास गेले, गणपतीत दहा दिवस गेले. रेकॉर्डिंग आहे म्हणून आजचं उद्यावर, आणि शेवटी शंभर व्हिडिओ साचतात. ज्या मुलाने बारावीचा अभ्यास कुणी न सांगता केला, त्याने ऑनलाइन घ्यावं. ज्याला आईने उठवावं लागत होतं, त्याने वर्ग लावावा. हे आईवडिलांना पोरापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आरटीआर मात्र शक्यतो समोरासमोरच. वर्गात दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात, एक टॉवर, एक पायलट. नाइनला 'नाइनर', थ्रीला 'ट्री' म्हणताना सुरुवातीला दोघंही लाजतात. ती लाज तिथेच मोडलेली बरी.

तिसरी वाट फ्लाइंग स्कूलचे स्वतःचे वर्ग. बारामती, शिरपूर, गोंदिया ही आपल्याकडची नेहमी निघणारी नावं. कागदावर हे सगळ्यात सोपं वाटतं: एकच फी, एकच होस्टेल, सकाळी विमान, दुपारी वर्ग. प्रत्यक्षात आभाळ स्वच्छ आणि विमान मोकळं असलं की वर्ग मागे पडतो, आणि पावसाळ्यात उड्डाणं रखडली की सगळा अभ्यास एकदम अंगावर येतो. जिथे शिकवणारा फक्त ग्राउंडसाठी नेमलाय, तिथे हे चांगलं चालतं. जिथे इन्स्ट्रक्टरच वेळ मिळेल तसा शिकवतो, तिथे नाही. भेटीला गेलात की ऑफिसात हे विचारू नका, कॅन्टीनमध्ये बसलेल्या मुलांना विचारा.

माझं स्पष्ट मत: निदान नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्स निघाल्याशिवाय फ्लाइंगचा मोठा हप्ता भरू नये. लायसन्सला २०० तास लागतात, त्यांतले १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला पायलट म्हणून. इतके तास भरून पेपर अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. मग हात गंजू नये म्हणून पुन्हा तास विकत घ्यावे लागतात. मात्र पेपर फार आधी देऊन वर्षानुवर्षं थांबायचंही नाही, निकालाला मुदत असते.

परदेशात फ्लाइंग करणाऱ्यांसाठी थोडक्यात: परतल्यावर लायसन्स बदलून घ्यायला रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन-मिटिऑरॉलॉजीचा एकत्रित पेपर द्यावाच लागतो. म्हणजे ग्राउंड क्लास चुकत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

नुसते मागचे प्रश्न घोकून घेणारे वर्ग तिन्ही प्रकारांत आहेत, आणि त्यांचे निकाल कधीकधी झकास दिसतात. पण आकडे बदलले की घोकलेलं कोसळतं. पुढे १५०० तासांच्या एटीपीएलसाठी, म्हणजे एअरलाइनच्या कॅप्टनला लागणाऱ्या लायसन्ससाठी, यातलेच विषय जास्त खोलात जाऊन पुन्हा समोर येतात.

एखादा क्लास पारखायचा असेल तर डेमोला जाऊन वर दिलेलं ३० आणि ६० मैलांचं गणित सरांना विचारा. "उत्तर सहा, पुढचा प्रश्न" असं ऐकू आलं तर चहा पिऊन घरी या. सर फळ्याकडे गेले, आधी रेषा काढली, आणि तुमच्या पोराच्या हातात खडू देऊन "आता तू दाखव" म्हणाले, तर फी विचारायला हरकत नाही.